उभ्यानं पुसायची फरशी

"ताई, उकिडवं बसणं बंद," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरला होता. "मांडी घालणंही बंद, पण उकिडवं बसणं त्याच्या आधी. ऐकलं तर हा गुडघा अजून पुष्कळ चालेल. नाही ऐकलं तर बदलावा लागेल."

माझ्या बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं, पदर सावरला आणि विचारलं, "मंग फरशी कोन पुसीन?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहत राहिलो.

खामगावहून परत येताना ती गाडीवर मागे बसली होती. आमच्या पिंपळगाव राजाची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "माह्यं बाईसारखं होईन."

बाई म्हणजे तिची थोरली बहीण. तिचा गुडघा बदललेला आहे. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. पण तेव्हापासून ती कुठेही गेली की लोक आधी तिच्यासाठी खुर्ची शोधतात. साखरपुडा असो की तेरवी, सगळ्या बायका खाली सतरंजीवर आणि ही एकटी वर, सभेच्या अध्यक्षासारखी. खाली गप्पा रंगतात, त्यातल्या अर्ध्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मग ती नुसती हसऱ्या चेहऱ्याने बसून राहते.

"मले खुर्चीवरची बाई नाही व्हाचं," बायको म्हणाली.

"मग उकिडवं बसू नको."

"मंग फरशी कोन पुसीन?"

तिथून आमचा प्रश्न गोल फिरायला लागला तो रथसप्तमीपर्यंत फिरत राहिला.

आमच्या फरशीबद्दल थोडं सांगायला हवं. पुढची आणि मधली खोली पांढऱ्या चकचकीत टाइल्सची आहे. घर बांधताना मी राखाडी रंग सुचवला होता, पण मतदानात पडलो. स्वयंपाकघर आणि मागची पडवी शहाबादी. बाहेर सगळीकडे काळी माती. पावसाळ्यात ती चपलेच्या तळाला जाड भाकरीसारखी चिकटते आणि वाळली की खपल्या होऊन घरभर पडते. पांढऱ्या टाइलवर काळी खपली लांबूनही दिसते. बायकोला तर न पाहताही दिसते. ती रोज सकाळी चहाच्या आधी फरशी पुसायची. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून उकिडवी बसून, हात अर्धगोल फिरवत, उलटी सरकत दारापर्यंत यायची. हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून करत होती, आणि त्याचंच बिल गुडघ्याने आता पाठवलं होतं.

कामाला बाई लावून पाहिली. सोयाबीन निघून कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या गावात कोणती बाई घरकामाला मिळत नाही. त्याआधी जी एक मिळाली, ती गेल्यावर माझी बायको तीच फरशी पुन्हा पुसायची. म्हणजे आधी एकदा पुसली जायची ती दोनदा पुसली जाऊ लागली, आणि गुडघ्याच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. मी ते थांबवलं.

तेव्हा ठरलं, उभ्याने पुसायचं साधन आणायचं.

मी खामगावला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर असतो. कापसाची गाडी भरलेली मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी करायची. बाकी वेळ शेती. या कामामुळे कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय मला पटत नाही, आणि मोजल्यावर बरेचदा पटत नाही. दुकानात गेलो तेव्हा खिशात टेप होता. बायकोच्या खांद्याची उंची घरून मोजून नेली होती.

दुकानदाराने धाग्यांच्या झुपक्याचा पोछा काढला. "हा घ्या भाऊ. शहरात हाच चालते."

"शहरात चिखल असतो का?"

"नसते. म्हनून तं चालते."

मी टेप काढून दांड्याला लावला. त्याने गिऱ्हाइकांकडे पाहत हसून घेतलं. "काय मोजून राह्यले, भाऊ? पोछा आहे, पोरीचं स्थळ नाही."

"उंची जुळायला पाहिजे."

"जुळते हो. नाही जुळली तं वहिनीले सांगा, थोडं वाकून घ्या म्हना."

"वाकायचं नाही म्हणूनच घेतोय."

"मंग तुमीच मारा," तो म्हणाला, आणि दुकानाच्या मधोमध पोछा धरून चार पावलं पुढे रेटून दाखवला. दिसायला काम सोपं होतं.

किंमत सांगत नाही. सांगितली की मला राग परत येतो.

घरी आल्यावर मी बायकोला करून दाखवलं, "असा धरायचा, असा पुढे रेटायचा." तिने धरला आणि रेटला. पुढची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुसून झाल्यावर ती वळली आणि आम्ही दोघांनी मागे पाहिलं. ओल्या फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले होते, एकामागे एक, लक्ष्मीच्या पावलांसारखे, फक्त काळे.

"हे पुसलं का मळवलं?" तिने विचारलं.

"पहिला दिवस आहे."

"मी एवढी वर्सं पुसून राह्यली, असे पाय नाही दिसले कधी."

दुसरी अडचण दांड्याची. तो तीन तुकड्यांचा, आट्यांनी जोडलेला. रेटताना हात जरासा फिरला की आटे सुटायचे आणि खालचा झुपका वेगळा होऊन टीव्हीखाली जाऊन बसायचा. तो काढायला वाकावं लागायचं. तिसरी अडचण पिळण्याची. ओला झुपका मी घरच्या काट्यावर ठेवला तर अडीच किलोच्या वर भरला. एवढं ओझं खाली वाकून दोन्ही हातांनी पिळायचं. डॉक्टरांना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, त्यापेक्षा उकिडवं बसा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी शेतातून दुपारी आलो. पुढची खोली लख्ख होती. मनात म्हटलं, जमलं हिला. मग माझी नजर स्वयंपाकघराच्या चौकटीवर गेली. लाकडावर हाताचा ओला ठसा होता, पाचही बोटांसकट, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. फरशी पुसत दारापाशी आलं की ती तिथे चौकट धरूनच उठते.

"हे काय?"

"काय?"

"हात आहे हा."

"माह्याच हात आहे. घरात दुसरं कोन असते?"

"डॉक्टर काय बोलले होते?"

"डॉक्टरच्या घरी फरशी कशी आहे, थे पाहून येता का एकदा?"

त्या दिवसापासून मी घरी आलो की पाणी पिण्याआधी चौकट पाहू लागलो. तिलाही ते कळलं आणि ती उठल्यावर चौकट पदराने पुसू लागली. पण ओल्या पदराने पुसलेलं लाकूड कोरड्या लाकडापेक्षा वेगळं दिसतं. एवढं मला कळतं.

दिवाळीच्या आत दुसरं साधन आणलं, फिरकीच्या बादलीचं. झुपका बादलीतल्या जाळीत ठेवून दांडा दाबायचा की जाळी गरगर फिरते आणि पाणी आपोआप निथळतं. बादलीला खाली चाकं. पिळायचं नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. डब्यावर एक हसरी बाई छापली होती आणि तिच्या घराला उंबरठे नव्हते, हे मला घरी आल्यावर कळलं.

आमच्या घरात प्रत्येक दाराला उंबरठा आहे. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत जाताना चाकं उंबरठ्यापाशी थांबली. रेटली तर बादली डुचमळली आणि मळकट पाणी सांडलं ते नेमकं उंबरठ्यावर. तिथे बायकोने त्याच सकाळी हळदीकुंकू वाहिलं होतं. मळकं पाणी, हळद आणि कुंकू मिळून पांढऱ्या टाइलवर जो ओघळ आला, तो पाहून तिने मला एकही शब्द ऐकवला नाही. शेजारच्या काकूंना मात्र भिंतीवरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आनतात तं आनतात, वरून मोजून आनतात!"

मग तिने भरलेली बादली उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवली. पुढच्या दारालाही तेच. फरशी पुसून होईपर्यंत बादली तेवढ्या वेळा उचलून झाली जेवढे उंबरठे. रात्री गुडघा सुजला.

त्यात पाण्याचा प्रश्न. नळ येतो त्या दिवशी येतो. एरवी बोअर, आणि बोअरचं पाणी खारं. फडक्याने पुसताना डबाभर पाण्यात सगळं घर व्हायचं. या बादलीला दोनदा पाणी बदलावं लागायचं, आणि फरशी वाळली की तिच्यावर पांढरट पुटं दिसायची. बायको ती पुटं काढायला बसायची, कोरडं फडकं घेऊन. म्हणजे पुन्हा उकिडवी.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"पांढरं दिसून राह्यलं."

"पांढऱ्या फरशीवर पांढरं दिसतं तुला?"

"तुमाले काळ्यावर काळं नाही दिसत, मले पांढऱ्यावर पांढरं दिसते. आपापली नजर."

हे भांडण पुण्यात असलेल्या आमच्या मुलीने फोनवर ऐकलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जुन्या पद्धतीचं घेताय. मी पाठवते." आठवड्याने कुरियरवाला एक लांबट खोकं देऊन गेला. आत चपट्या पाटीचा पोछा होता, खाली मऊ निळं कापड, दांड्यालाच पाण्याची बाटली. खटका दाबला की समोर फवारा. बादलीची गरजच नाही. मी मोजला, दांड्याची उंची कमी-जास्त करता येत होती. पहिल्यांदाच वाटलं की हे कोणीतरी डोकं लावून बनवलं आहे.

पण तोवर घरात कापूस आला होता.

ज्यांनी आमच्याकडचा हिवाळा पाहिला नाही त्यांना सांगतो. भाव चढेल या आशेने कापूस विकायचा थांबवतात, आणि तो ठेवायचा कुठे, तर घरात. आमची मधली खोली तेव्हा छतापर्यंत भरलेली असते. स्वयंपाकघरात जायला भिंतीलगत एक वाट उरते. पायाने, पदराने, वाऱ्याने कापसाचे तंतू घरभर फिरतात, त्यात सुकलेल्या पाल्याचा चुरा. मुलीने पाठवलेलं ते निळं कापड धूळ ओढून घेण्यासाठी बनवलेलं, तर त्याने तंतूही ओढले. दोन हात जाऊन होत नाही तो खाली ससा धरल्यासारखं दिसायला लागलं. ते तंतू त्या कापडातून झटकून निघत नाहीत, धुऊनही निघत नाहीत. नखाने एकेक काढावे लागतात. जिनिंगमध्ये मशिनी जे करतात ते बायको पडवीत बसून हाताने करत होती.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला कापड दाखवलं.

"पण बाबा, कापूस घरात का ठेवता?"

"मग कुठे ठेवू, तुझ्या फ्लॅटमध्ये?"

"आई, तू सांग ना यांना."

"मी काय सांगू, माय," बायको म्हणाली. "पोछा चांगला आहे तुह्या. आपलं घरच त्याच्याजोगतं नाही."

हे तिने इतक्या समजुतीने म्हटलं की मला जास्तच चीड आली. तीन साधनं कोपऱ्यात उभी होती, आणि चौकटीवर सकाळचा ठसा होता. मी त्या दिवशी फार बोललो. ती नुसता गुडघा चोळत राहिली.

संक्रांत झाली. तिच्या हळदीकुंकवाचा दिवस ठरला. त्या दिवशी दुपारी मी काट्यावर असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. "भाऊजी, घरी या. घाबरू नका. पन या."

गाड्यांची रांग लागली होती. काटा सोबत्याकडे देऊन निघालो. आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, एक पाय पुढे ताठ, हातात अजून ओलं फडकं. काकू तिच्या पाठीला हात लावून शेजारी बसल्या होत्या.

"उठताच नाही येऊन राह्यलं," बायको म्हणाली. आवाज लहान मुलीचा होता. "बाया येतीन आता. फरशी तशीच राह्यली."

चौकटीवर तीन ठसे होते. तिन्ही खालीच.

काकूंनी आणि मी मिळून तिला उचललं. खामगावला नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, पट्टा दिला आणि या वेळी तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. "अजून बदलायची वेळ आली नाही. पण हे असं परत झालं तर माझ्याकडे आणू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या." हळदीकुंकू रथसप्तमीच्या आदल्या दिवसावर ढकललं. घरी येताना ती म्हणाली, "बाईले फोन नका करू. तिले वाईट वाटीन." तिला डोळ्यांसमोर दुसरी खुर्ची दिसत होती, हे मला समजलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बायकोला पुढच्या खोलीत बाजेवर झोपवलं, पायाखाली उशी दिली. आणि रागारागाने पडवीतला रबरी पट्टीचा वायपर घेतला, न्हाणीतलं पाणी ओढायचा असतो तो, लांब एकसंध दांड्याचा. त्याच्या पट्टीखाली तिचं पुसायचं फडकं अडकवलं आणि सुरू केलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, जोर लावून. ती बाजेवरून पाहत होती.

"पोछा मारून राह्यले, का वखर हाकून राह्यले?"

"काय झालं आता?"

"मांगं पाहा."

मागे पाहिलं. माझे पाय, माझ्या मापाचे, तिच्या पावलांपेक्षा मोठे आणि ठळक. वखर किंवा डवरा धरून माणूस चालतो तसा मी चाललो होतो. अवजार पुढे, माणूस मागे, काम झालेल्या जागेवर पाय देत. शेतात त्याने बिघडत नाही. तिथे कोणाला पावलं दिसत नाहीत.

मी समोरच्या भिंतीशी गेलो. वळलो. दाराकडे पाठ केली आणि वायपर स्वतःकडे ओढत उलटा चालत निघालो, ती बसून सरकायची तसा. वाटेत बाजेवर आदळलो. "अहो, पाय माह्या!" ती ओरडली. पण दारापाशी आल्यावर पाहिलं तर समोर सगळी फरशी ओली, सारखी, एकही पाऊल नाही.

ती कोपरावर उठून बसली. "परत करा बरं."

परत केलं. परत एकही पाऊल नाही.

"मी बसून पुसतो तवा उलटीच जातो," ती म्हणाली. "मंग हे घेतल्यावर पुढं काऊन गेली?"

"मीच तसं दाखवलं होतं."

"तुमाले कोनं दाखवलं?"

"दुकानदाराने."

"तो कोनाच्या घरचा?"

"त्याच्या घरीही शेतीच आहे."

"मंग बरोबर," ती म्हणाली. "हातात दांडा आला का मानूस पुढंच चालते. तुमचा पोछा नव्हता वाईट. बैल नव्हते, एवढंच."

मला हसू यायला हवं होतं. मला त्या तीन साधनांकडे पाहून फक्त संताप येत होता. एवढे महिने, एवढे उंबरठे, तो तीन ठशांचा दिवस, आणि आम्ही सगळे मिळून घरात वखर चालवत होतो.

पण वळून चालल्याने सगळं सुटलं नाही. धाग्यांच्या पोछ्याचे आटे तसेच सुटत होते, फिरकीची बादली उंबरठ्याला तशीच अडत होती, निळं कापड तसंच तंतू धरत होतं. राहिला वायपर. त्याचा दांडा सरळ, उंची ठीक, वजन नाही. अडचण फडक्याची. बायको ज्याने पुसायची तो माझ्या आईच्या शेवटच्या सुती लुगड्याचा तुकडा होता, झिजून हातरुमालाएवढा उरलेला. पट्टीवर तो सारखा सुटायचा. मोठं फडकं हवं होतं, आणि सुती हवं होतं. बाकी कशाने पाणी नुसतं इकडून तिकडे फिरतं.

तेव्हा मी घरात सुती जुनेर शोधायला लागलो. पेटी उघडली, कपाटं उघडली. तिच्या साड्या सगळ्या कृत्रिम धाग्याच्या. माझे शर्ट तसेच. पडदे, टेबलावरचं कापड, पाहुण्यांच्या चादरी, एकूणएक तसंच. मी मधल्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून उभा राहिलो. छतापर्यंत कापूस होता, स्वतःच्या शेतातला, आणि घरात हातभर सुती फडकं नव्हतं. खामगावहून मांजरपाट आणला. नवा मांजरपाट खळीमुळे पाणीच पीत नाही, कागदासारखा सरकतो. दोनदा उकळला तरी सरकत होता. मी तो पिळून दोरीवर टाकला आणि ठरवलं की आता जे होईल ते होवो.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आलो तर शिलाई मशीन उघडी होती. बायको खुर्चीवर बसून पाय ताठ ठेवून, हाताने चाक फिरवत काहीतरी शिवत होती. जवळ गेलो. माझी सोलापुरी चादर होती. मी बारा महिने तीच पांघरतो. धुऊन धुऊन इतकी मऊ झाली आहे की दुसरी कोणतीही अंगावर घेतली तर झोप लागत नाही.

झाली आहे नव्हे, झाली होती.

"कापली?"

"हाव."

"विचारलं का नाही?"

"तुमीच म्हनून राह्यले होते ना, सुती पायजे, मऊ पायजे, पानी प्याले पायजे. घरात दुसरं काय आहे तसं?"

"मी काय पांघरू?"

"पोरीनं पाठवलेलं ब्लँकेट आहे. नवंच आहे. धूळ धरते म्हन्तात."

तिने कापलेल्या तुकड्याच्या कडा दुमडून शिवल्या होत्या आणि मधोमध एक चीर घेऊन तिला काजासारखे टाके घातले होते. त्या चिरेतून तिने वायपरचा दांडा वर काढला आणि कापड पट्टीवर पसरलं. आता ते सुटणं शक्यच नव्हतं. दांडा दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली, दाराकडे पाठ करून.

"थांब," मी म्हटलं. "पिळायला वाकशील."

बादली कुठे ठेवायची याचा विचार आम्ही दोघांनी एकाच वेळी केला असावा. मी स्टुलाकडे पाहिलं, ते बुटकं होतं. ती ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, तीच तिने पायाने माझ्याकडे सरकवली. "हिच्यावर ठेवा." मी बादली खुर्चीवर ठेवली. उंची तिच्या कमरेला बरोबर आली. पिळायला वाकायला नको. उंबरठ्याशी मी खुर्ची बादलीसकट उचलून पलीकडे ठेवायची, एवढंच काम मला उरलं.

"बसू द्या तिलेच खुर्चीवर," ती बादलीकडे पाहत म्हणाली.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी ती उभ्यानेच सगळी फरशी पुसून आली, उलटी, हळूहळू, मधे थांबत. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोनदा मी म्हटलं, दे माझ्याकडे. दोनदा तिने दांडा घट्ट धरला. दुपारी बायका आल्या, सतरंजीवर बसल्या. तिची थोरली बहीण आली तेव्हा काकूंनी सवयीने खुर्ची शोधली. मी बादली उतरवून खुर्ची पुसून दिली. बाई वर बसली. आणि माझ्या बायकोने सगळ्यांना हळदीकुंकू लावून झाल्यावर खाली बसण्याचा प्रयत्न केला नाही, दुसरी खुर्चीही मागितली नाही. ती बाईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खाली कोणी काही बोललं की ती वाकून बाईच्या कानात सांगायची आणि दोघी हसायच्या. मी स्वयंपाकघरातून पाहत होतो. बाईला इतकं मोठ्याने हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

बायका गेल्यावर फरशीवर तीळ, कुंकू आणि कापसाचे तंतू. मी दमलो होतो, म्हटलं उद्या पाहू. चहा ठेवून मागे वळलो तर ती पुढच्या खोलीत वायपर घेऊन सुरू झाली होती. बोलून काही होत नाही, हे एवढ्या महिन्यांत शिकलो आहे.

ती दारापर्यंत आली, थांबली, टेकली. मग आत गेली. चहा घेऊन मी चौकटीपाशी आलो. लाकडावर हाताचा ओला ठसा होता, पाचही बोटांसकट. माझ्या खांद्याच्या उंचीवर.

"अन् हे कोण पुसणार?" मी विचारलं.

"तुमी," ती आतून म्हणाली. "तुमचा हात पुरते तथपर्यंत."